बोर्शची निळी फाईल

१

रविवारी सकाळी दहा वाजता पोतनीसांच्या नागपुरातल्या, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये सगळे जमले, आणि निळी फाईल जागेवर नव्हती.

तिची जागा ठरलेली होती. मार्तंड पोतनीस यांच्या लिहायच्या टेबलाचा वरचा खण. मार्तंडराव शहात्तर वर्षांचे. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वर्षभरापासून त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. नळ चालू राहायचा, शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन अडायचं. त्यामुळे ते सगळं लिहून ठेवत आणि लिहिलेलं नेमक्या जागी ठेवत. त्याच्या बळावर त्यांचं बरं चाललं होतं.

फाईलमध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा, यमुताईंचा, पासपोर्ट होता. काही नकाशे होते, आणि अल्बानियातल्या बोर्श नावाच्या गावातल्या एका व्हिलाच्या बुकिंगची छापील पानं. मे महिन्याच्या शेवटी नागपूरच्या उन्हातून सुटून चौघांनी पंधरा दिवस तिकडे जायचं ठरवलं होतं. चौघं म्हणजे हे दोघं, त्यांची एकुलती एक मुलगी चिन्मयी आणि जावई अपूर्व. हे गाव चिन्मयीनं शोधलं होतं. लोक इटलीला जातात, ग्रीसला जातात. मधल्या या किनाऱ्याचं नावही कुणी घेत नाही. गर्दी नाही, मागे ऑलिव्हची झाडं, पुढे समुद्र. पाच महिने ती याच्याच मागे होती. चौतीस वर्षं बाबांनी मुलांना भूमध्य सागरी हवामान शिकवलं, उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, आणि तो समुद्र स्वतः कधी पाहिला नाही. तो एकदा दाखवायचा, एवढंच तिला करायचं होतं.

त्या रविवारी विमानाची तिकिटं पक्की व्हायची होती. त्याऐवजी तासभर शोधाशोध झाली. कपाटं झाली, गाद्या उचलून झाल्या, रद्दी उपसून झाली.

शेवटी अपूर्व हळूच म्हणाला, "बाबा, तुम्हीच कुठे ठेवली का? आठवून बघा ना."

मार्तंडराव रिकाम्या खणासमोर उभे होते. "ठेवली असेन," ते म्हणाले. "माझ्याकडूनच हरवली असेल. मला माफ करा."

कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्यानंच ते ठरून गेलं.

सोमवारी मार्तंडरावांनी घराची किल्ली यमुताईंच्या हातात दिली. मंगळवारी ते सकाळच्या फेरीला गेले नाहीत. "तुम्ही तिघं जा," ते म्हणाले. "मी घरी राहतो. तिकडे परमुलखात मी कुठे हरवलो तर शोधत बसाल."

मंगळवारी संध्याकाळी यमुताई जिना उतरून खालच्या मजल्यावर माया रामटेके यांच्याकडे गेल्या. मायाताई पोस्टातून निवृत्त झालेल्या. अकरा वर्षं त्यांनी अशा विभागात काढली होती, जिथे पत्ता न लागलेली पत्रं उघडतात आणि आतल्या मजकुरावरून माणूस शोधतात.

"फाईल मिळाली नाही तरी चालेल, मायाताई," यमुताई म्हणाल्या. "पण हे असे बसून राहिले आहेत ना, ते मला बघवत नाही."

"उद्या येते मी," मायाताई म्हणाल्या.

पण त्या पोचायच्या आतच, बुधवारी दुपारी, पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. आत दोन्ही पासपोर्ट होते. फाईल नव्हती. चिठ्ठीही नव्हती.

२

यमुताईंना रडूच आलं. त्यांनी लगेच अपूर्वला फोन लावला. तो बुटीबोरीच्या कापड कारखान्यात देखभालीचं काम बघतो. मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"चला, सुटलो," तो म्हणाला. "म्हणजे बाबांनी बाहेर कुठे तरी फाईल सोडली असणार. कुणा भल्या माणसाला सापडली, त्यानं पासपोर्ट तेवढे पाठवले."

फोन स्पीकरवर होता. मार्तंडरावांनी ते ऐकलं. ते उठून बाल्कनीत जाऊन बसले.

थोड्या वेळानं आलेल्या मायाताईंनी पाकीट उजेडात धरलं. खाकी पाकीट, पत्ता छापून चिकटवलेला, हस्ताक्षर कुठेच नाही. आत पासपोर्ट वाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे घातलेले. त्यांनी पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं.

"हा पत्ता कुठला, यमुताई?"

"धंतोलीचा. चार वर्षांपूर्वीपर्यंत तिथेच होतो ना आम्ही. बदलून घ्यायचा राहिला."

"आणि फाईलमधल्या आणखी कुठल्या कागदावर बेसाचा पत्ता होता?"

यमुताईंनी आठवलं. "नाही. नकाशे, आणि ते बुकिंग. ते चिनूच्या नावावर, मनीषनगरच्या पत्त्यावर."

"मग ज्याला ही फाईल रस्त्यात सापडली," मायाताई म्हणाल्या, "त्यानं एक तर धंतोलीला पाठवलं असतं, नाही तर चिनूकडे. हे पाकीट थेट इथे आलं. फ्लॅटच्या नंबरासकट."

यमुताईंनी पाकीट हातात घेऊन पत्ता पुन्हा वाचला.

"सरांनी फाईल कुठेही हरवली नाही. ती या घरातून कुणी तरी उचलली आहे. आणि तो माणूस तुम्हाला ओळखतो." मायाताईंनी आवाज खाली आणला. "शेवटची कधी पाहिली होती?"

"शुक्रवारी दुपारी. मीच खणातून टाचण्या काढल्या, तेव्हा होती."

"त्यानंतर रविवारपर्यंत घरात कोण कोण आलं?"

"शुक्रवारी संध्याकाळी चिनू. शनिवारी सकाळी अपूर्व, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला. आणि इंदूबाई, रोजची स्वयंपाकाची. बस."

"आणि तुम्ही."

"मी?"

"तुम्हीही, यमुताई. मला सगळी नावं मोजावी लागतील."

३

इंदूबाई पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काहून विचारून राहिल्या ते मले समजते. घरात काही गेलं का पयलं नाव माह्यावरच येते."

"नाव नाही घेतलं कुणी. शुक्रवारी संध्याकाळी काय काय झालं तेवढं सांगा."

"काय होईन? चिनूताई आली. साहेब अन् यमुबाई खाली बागेत होते. मी तिले चहा देल्ला, ते साहेबाच्या टेबलापाशी बसली होती. मंग म्या भाजी टाकली. पाहतो तं चहा तसाच, साय धरलेली. म्हटलं साखर जास्त झाली का वं? तं नाही म्हणे, डोकं दुखते. अन् निंघून गेली."

"आणि शनिवारी?"

"जावईबापू आले, ताट्या लावल्या, सारा पाण्याचा राडा करून गेले. आता म्या पुसला तो." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "अन् एक सांगतो मॅडम. पंधरा दिवस हे लोक गेले तं माह्ये पंधरा दिवस घरीच जातीन. मले कायची हौस राहीन यायनं जावं म्हणून? पण पासपोट चोरायसाठी मले तो वाचता तं आला पाह्यजे."

संध्याकाळी अपूर्व कारखान्यातून परस्पर आला. तो मोकळा माणूस. विचारताच म्हणाला, "मावशी, खोटं काहून बोलू? मला हा प्रवास नकोच होता. दोन विमानं बदलायची, भाषा येत नाही, आणि बाबा असे. गर्दीत हात सुटला तर? मी पचमढी म्हणत होतो. रविवारी फाईल सापडेना तेव्हा मला हायसं वाटलं, हे खरं आहे."

"शनिवारी सरांच्या खोलीत गेला होतास?"

"कूलर त्याच खोलीत आहे. तासभर होतो. पण खण उघडला नाही."

तो गेल्यावर यमुताई स्वतःहून मायाताईंजवळ येऊन बसल्या. "मीही सांगते. मला समुद्राची भीती वाटते. यांना घेऊन इतक्या लांब जायची त्याहून जास्त. पासपोर्ट लपवून ठेवावा असं एकदा मनात येऊन गेलं होतं. पण लपवला नाही हो."

"माहीत आहे," मायाताई म्हणाल्या.

गुरुवारी चिन्मयी आली. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा काखेत होता, डोळे ओढलेले.

"मायामावशी, पासपोर्ट मिळाले ना? मग आता कशाला हे? झालं गेलं. मी दोन दिवसांत तिकिटं काढते. बाबांना तयार करा फक्त. बाबांसाठीच तर चाललंय सगळं."

"बरोबर आहे तुझं. ते बुकिंगचं पान तेवढं मला परत छापून देशील? फाईलमध्ये गेलं ना ते. मेलमध्ये असेल तुझ्या."

"हो, देते की."

"आत्ता मोबाईलवर दाखवलंस तरी चालेल. बघू दे तरी कसं घर आहे."

चिन्मयीनं मोबाईल हातात घेतला आणि परत पर्समध्ये टाकला. "चार्जिंग संपलंय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पाठवते."

पान आलं नाही. गुरुवारी रात्रीपर्यंत नाही, शुक्रवारी सकाळीही नाही.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना मायाताईंनी सगळं पुन्हा एकदा मांडून बघितलं. अपूर्वला प्रवास नको होता, यमुताईंना नको होता, इंदूबाईंना नको होता. प्रवास मोडायचा तर पासपोर्ट हातात आले होतेच. ठेवून घेतले असते की काम झालं. पण चोरानं ते परत पाठवले, पुठ्ठा लावून, जपून. म्हणजे चोराला प्रवास मोडायचा नव्हताच. त्याला जायचं होतं. त्याला फक्त ते कागद नको होते.

आणि त्या कागदांवर काय होतं, हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्याला काही आठवत नाही, असं सगळं घर म्हणत होतं.

४

मायाताई शाळेचा जुना नकाशासंग्रह घेऊन वर गेल्या. मार्तंडराव बाल्कनीत बसले होते. मांडीवर पेपर, घडी न मोडलेला.

"सर, मला एक सांगा. हे बोर्श आहे तरी कुठे?"

"चिनूला विचारा. मला आता नीट सांगता येत नाही."

"चिनूकडून नको. तुम्ही शिकवा. दहावीला मी भूगोलात काठावर पास झाले होते."

त्यांनी काही क्षण पुस्तकाकडे बघितलं. मग चष्मा चढवला आणि बरोबर पान उघडलं.

"हा इटलीचा बूट. ही त्याची टाच. तिच्यासमोर, समुद्रापलीकडे, हा अल्बानिया. याचा खालचा भाग बघा." बोट सरकत होतं. "किनाऱ्याचं तोंड नैऋत्येला आहे आणि पाठीशी डोंगर. साधे नाहीत, भिंतीसारखे. आता सांगा, अशा ठिकाणी सकाळ कशी होईल?"

"कशी?"

"उशिरा! सूर्याला आधी डोंगर चढून यावं लागतं. गावात उजाडलेलं असतं, पण ऊन नसतं. संध्याकाळी उलट. समुद्रावर बराच वेळ उजेड." आवाज चढला होता. आतून यमुताई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"आणि वाळू कशी असते तिथली? आपल्या कोकणासारखी?"

"छे. गोटे. डोंगरातून ओढे उतरतात, ते दगड आणून टाकतात. चपला घातल्याशिवाय चालता येत नाही म्हणून यमूला मी..." ते थांबले. बोट नकाशावर तसंच राहिलं. "पण मग त्या फोटोत..."

मायाताईंनी घाई केली नाही.

"त्या व्हिलाच्या फोटोत," मार्तंडराव सावकाश म्हणाले, "समोर पिठासारखी वाळू होती. आणि खाली लिहिलं होतं, सकाळी न्याहारी करताना समुद्रातून उगवणारा सूर्य बघा. त्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवूच शकत नाही, मायाताई. तो फोटो दुसरीकडचा आहे. मी लिहिलं होतं त्या पानावर. पेन्सिलीनं."

"काय लिहिलं होतं, सर?"

"'हे घर बोर्शचं नाही. चिनूला रविवारी विचारणे.' खाली दोन रेघा मारल्या होत्या."



५

शनिवारी दुपारी मायाताई मनीषनगरला गेल्या. अपूर्व कामावर होता. चिन्मयीनं दार उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाली.

"शुक्रवारी तू सरांच्या टेबलापाशी बसलीस," मायाताई म्हणाल्या. "फाईल तूच तयार केलेली, ती चाळायला घेतलीस. त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलंस. चहा तसाच राहिला."

चिन्मयी खुर्चीत बसली.

"तिथेच तू त्या घरमालकाला फोन लावला असशील."

"तीनदा," ती म्हणाली. "नंबर बंद. मग मेल केला. अजून उत्तर नाही. ते पानच काढून टाकलंय त्यानं साइटवरून. मावशी, त्या माणसाशी मी दोन महिने बोलत होते. आईबाबांची चौकशी करायचा तो माझ्याकडे." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "पाच महिने मी सगळ्यांना सांगत होते, बाबांना काही विचारू नका, त्यांचा गोंधळ होतो, मी बघते सगळं. आणि बाबांनी एका नजरेत ओळखलं."

"मग सांगायचं होतं."

"सांगणारच होते. आठ दिवसांत तिथलंच दुसरं घर बघायचं, ते पक्कं करायचं, आणि मग. रविवारी सगळ्यांसमोर बाबांनी ते पान काढलं असतं तर अपूर्वनं लगेच म्हटलं असतं, बघ, मी म्हणतच होतो. प्रवास तिथेच संपला असता."

"ते एकच पान काढून घ्यायचंस."

"फाटलेलं दिसलं असतं. अख्खीच फाईल गेली तर..." ती थांबली.

"तर बाबा विसरले, असं वाटेल," मायाताई म्हणाल्या.

 चिन्मयी उठली, आत गेली आणि गव्हाच्या कोठीमागून निळी फाईल घेऊन आली.

"ते माफी मागतील असं मला वाटलं नव्हतं, मावशी. ते सगळ्यांसमोर माफ करा म्हणाले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग प्रत्येक दिवशी ते आणखी कठीण होत गेलं. घरी जाऊन बघितलं तर फाईलमध्ये पासपोर्टही होते. ते तरी पाठवून दिले."

"आता मी कुणाला काही सांगणार नाही," मायाताई उठत म्हणाल्या. "सरांचा स्वतःवरचा भरवसा तू उचलून नेलास, तो तूच परत दे. उद्या रविवार आहे."

६

रविवारी दहा वाजता चिन्मयीनं फाईल टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.  अपूर्व बायकोकडे असा बघत होता की जणू तिची आज ओळख होत आहे.

आधी यमुताई बोलल्या. "आठ दिवस, चिनू! आठ दिवस हा माणूस जेवला नाही धड. आणि तू येऊन त्याला रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का विचारून जात होतीस!"

मार्तंडरावांनी हात वर केला. त्यांनी फाईल उघडली, पानं उलटली, आपलं अक्षर सापडल्यावर ते पुन्हा वाचलं. मग फाईल मिटली.

"घर फसवं निघालं, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "तुझ्याहून शहाणी माणसं फसतात. पण चिनू, मी आठवडाभर स्वतःची परीक्षा घेत होतो. पहाटे जाग आली की पाढे म्हणून बघायचो. एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत आला की जरा धीर यायचा. सोमवारी, पहिल्याच पहाटे, मध्येच अडकलो होतो. त्या दिवशी मी यमूला किल्ली देऊन टाकली."

चिन्मयी रडायला लागली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. लगेच तरी नाही. अपूर्वनं पाण्याचा ग्लास आणून तिच्यासमोर ठेवला.

"मला डॉक्टरकडे ने," मार्तंडराव शेवटी म्हणाले. "माझं डोकं किती शाबूत आहे ते मला नीट कळलं पाहिजे. तुझ्या अंदाजावर नको आणि माझ्याही भीतीवर नको."

पुढच्या आठवड्यात धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांकडे दोन दिवस तपासण्या झाल्या. अपूर्वनं रजा घेतली आणि तोही बरोबर गेला. विसरणं खरं होतं. आजार होता, पण सुरुवातीचा. गोळ्या सुरू झाल्या.

"प्रवास?" चिन्मयीनं विचारलं. "पुढच्या वर्षी नेलं तर चालेल का? जरा स्थिर झाल्यावर?"

डॉक्टर मार्तंडरावांकडे बघून म्हणाले, "या वर्षी तुम्ही सोबतीनं कुठेही जाऊ शकता. पुढच्या वर्षाचं मी आज सांगू शकत नाही."

"मग विचार कशाचा करायचा?" मार्तंडराव म्हणाले. "याच वर्षी."

फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली; त्यातून काही हाती लागलं नाही. नवीन घर शोधायला चार संध्याकाळी लागल्या. या वेळी बाप आणि लेक एकाच टेबलाशी बसले. तिनं घरं काढायची, त्यांनी नकाशात बघून पास-नापास करायची. अकरा घरं नापास झाली. बाराव्या घराची मालकीण एक विधवा बाई होती. ऑलिव्हच्या बागेत दोन खोल्या, समुद्र दहा मिनिटांवर. व्हिडिओ कॉलवर तिची सून इंग्रजीत बोलत होती आणि म्हातारी मागे कोंबड्यांना हाकलत होती. यमुताई मध्येच डोकावून म्हणाल्या, "हिच्याकडे स्वयंपाकघर वापरू देतात का विचार." देत होत्या.

"बुकिंग कुणाच्या नावावर लिहू?" सुनेनं विचारलं.

चिन्मयीचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं आणि मोबाईल बाबांच्या हातात दिला.

मार्तंडरावांनी घसा साफ केला. पलीकडे सून पेन घेऊन थांबली होती. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून, तिला लिहून घेता येईल अशा बेतानं.